मांडीवरची गाडी

प्रिय कंडक्टर,

टाइप केलेलं पत्र बघून तुला वाटेल, ताईने कुणाकडून तरी लिहून घेतलं. तसं नाही. मीच लिहिते आहे, तू पाठवलेल्या लॅपटॉपवर, एका हाताने, एकेक अक्षर शोधत. एका हाताने का, ते पुढे येईल. फोन करता आला असता, पण फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू उपाय सांगायला लागतोस. लहानपणापासून तुझं असंच आहे. आई म्हणायची, याला ताप आलाय म्हणून सांगावं तर हा थर्मामीटर उघडून बसेल. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. म्हणून पत्र.

आज रविवार. दिवसभर बाबांजवळ थांबतात त्या मावशींची सुट्टी असते, त्यामुळे आंघोळ, दाढी, गोळ्या सगळं माझ्याकडे. ते उरकून आत्ता बसले. बाबा खिडकीपाशी उन्हात पेपर वाचतायत. मथळ्याचा उजवा अर्धा भाग वाचतात आणि सरकारवर मात्र पूर्ण चिडतात. मी इथूनच "हं, हं" करते. तब्येत विचारशील तर ठीक आहे. बीपी ताब्यात आहे, काठी घेऊन जिन्यापर्यंत जातात, बोलणं स्वच्छ आहे आणि स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. अवघड आहे ते हेच. माणूस पूर्वीसारखा दिसतो, पूर्वीसारखा बोलतो, पूर्वीसारखेच हुकूम सोडतो. त्यामुळे काहीतरी गेलंय हे परक्याला कळत नाही, आणि त्यांना स्वतःला तर मुळीच कळत नाही.

तुला आपला जुना कॉम्प्युटर आठवतो का? पुढच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलावर, पोट सुटलेल्या माणसासारखा बसलेला. आईने त्याला झालर लावून कव्हर शिवलं होतं, आणि ते काढल्यावर नीट घडी घालून ठेवल्याशिवाय तो चालू करायला परवानगी नसायची. एकच कीबोर्ड आणि आपण दोघं, म्हणून शर्यतीच्या खेळात तू गाडी वळवायचास आणि वेग नि ब्रेक माझ्याकडे. तू "ब्रेक, ब्रेक" ओरडायचास आणि मी दाबेपर्यंत आपण नदीत. बाबा ड्युटीवरून येऊन आपल्या मागे खुर्ची टाकायचे, गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बघत बसायचे. "सिग्नल तोडलास," म्हणायचे. "तिथे दुसऱ्या गिअरवर यायला पाहिजे होतं." तू कितीदा म्हणायचास, बाबा तुम्ही बसा ना एकदा. तर म्हणायचे, दिवसभर तेच करतो, घरी येऊन फुकट कशाला करू? सुट्टीत तू त्यांच्या बसमध्ये इंजिनाशेजारी बसून शिट्टी वाजवत फिरायचास, तेव्हापासून तू त्यांचा कंडक्टर. मला मात्र कधी काही हुद्दा मिळाला नाही. मी घरी आईजवळ असायचे. तक्रार नाही, सहज आठवलं.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडाच अवकाश होता, हे तुला माहीत आहे. तू आलास, दवाखान्यात थांबलास, मग तुला जावं लागलं. त्यानंतरचं एक तुला मी कधी सांगितलं नाही. डेपोतले लोक निरोपाची शाल घेऊन घरी आले होते. त्यांनी ती बाबांच्या खांद्यावर घातली, फोटो काढले, चहा घेतला. ते गेल्यावर बाबा मला म्हणाले, "माझी शेवटची फेरी कुठली होती गं?" मला सांगता येईना. त्यांनाही आठवेना, कारण ती शेवटची आहे हे त्या दिवशी कुणाला ठाऊक होतं? मग ते बराच वेळ एकेक मार्ग आठवत बसले, जणू किल्ली कुठे ठेवली ते आठवताहेत. त्यानंतर काही महिने ते भिंतीकडे बघून पडून असायचे. जेवायला बोलावलं तर येत नसत. ताटात उजवीकडचं खायचे, डावीकडचं तसंच. मला वाटायचं, भूक मेली आहे.

त्या दिवसांत तुझा लॅपटॉप आला. ते मी विसरणार नाही. काळा, जडशीळ, कीबोर्डाखाली लाल दिवे. मावशी म्हणाल्या, हे काय, लग्नाच्या हॉलसारखं? तू त्यात बस चालवायचा खेळ घालून पाठवला होतास आणि फोनवर मला त्याचं कार्ड, त्याचा पंखा, पडद्याचा वेग असं बरंच सांगत होतास. मला त्यातलं अर्धं कळलं नाही, पण तुझ्या आवाजावरून एवढं कळलं की तू खूप शोधून, विचार करून हे घेतलंयस. बाबांच्या मांडीवर तो ठेवला तेव्हा त्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गाडी मांडीवर घेऊन कुणी चालवतं का?" पण हसले. किती महिन्यांनी हसले ते. आणि मग चालवायला लागले.

सुरुवातीला पलंगावरच, पाठीला उशा लावून. आठवडाभरात त्यांना त्याचं वेड लागलं. मी दात बनवायच्या लॅबमधून यायचे तर मावशी सांगायच्या, आज साहेबांनी डोंगरातून बस काढली. मला त्या खेळाचा हेवा वाटायचा. मी दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून-तासून यायचे आणि घरी येऊन यांना चार पावलं चाला म्हणून विनवायचे, ते ऐकायचे नाहीत. आणि हे यंत्र काही न बोलता त्यांना ताठ बसवत होतं. मग एका संध्याकाळी त्यांचे कपडे बदलताना डाव्या मांडीवर मोठा फोड दिसला. लॅपटॉप तापायचा आणि त्या मांडीला भाजतंय हे त्यांना जाणवतच नव्हतं. मी तुला फोन केला, तू घाबरलास, खाली ठेवायचं पंख्याचं स्टँड पाठवलंस. मी मात्र त्याच दिवशी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर नेला आणि मांडीवर घ्यायचा नाही असं सांगून टाकलं. त्यावर दोन दिवस अबोला. आमच्या घरात "नाही" म्हणायचं खातं माझ्याकडेच आहे. मीठ नाही, जिना एकट्याने नाही, आंघोळीला दाराची कडी नाही.

मग तुझं स्टिअरिंग आलं, पायाशी ठेवायचे पेडल आले. टेबलाला ते चाक आवळलं, त्याच्यामागे लॅपटॉप. उजवा हात, उजवा पाय, सगळं जमत होतं. एवढंच की रोज संध्याकाळी मी यायचे तेव्हा लॅपटॉप टेबलाच्या मधोमध नसायचा, उजव्या कडेला सरकलेला असायचा. बाबा त्याच्याकडे तिरके बसलेले, मान वळवून. मला वाटायचं, वायर पुरत नसेल. मी परत मध्ये ठेवायचे. दुसऱ्या दिवशी परत उजवीकडे. तुझ्याकडे त्यांची तक्रार एकच, पडदा लहान आहे. बस चालवायची तर समोर काच पाहिजे, हे काय, पोस्टाच्या खिडकीतून रस्ता बघितल्यासारखं. आणि तुझंही चालूच होतं की लॅपटॉप म्हणजे तडजोड, तो तापला की दमतो, खरा खेळ डेस्कटॉपवरच. तुम्ही दोघं फोनवर यावर इतकं बोलायचात की मला बरं वाटायचं. झटक्याआधी तुमचं बोलणं "जेवलास का" आणि "ताईला देतो" यापुढे जात नव्हतं.

डेस्कटॉप आपण जोडला तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक आहे. तू सुटे भाग पाठवलेस आणि म्हणालास, कुणाला बोलवू नकोस ताई, तुझे हात सोन्याचे आहेत, तूच कर. लॅपटॉपच्या पडद्यावर तू, टेबलावर उघडी पेटी, बाबा टॉर्च धरून आणि मी लॅबमधला माझा चिमटा घेऊन. ज्या चिमट्याने मी दातावर चिनीमातीचे थर ठेवते, त्याच चिमट्याने तुझे ते बारीक स्क्रू बसवले. तू म्हणत होतास "हळू, हळू", बाबा म्हणत होते "तिला कळतं, तू गप्प बस". पहिल्यांदा बटण दाबलं तर काहीच नाही. तू तिकडे कपाळाला हात लावलास. मग बाबांनीच विचारलं, भिंतीवरचं बटण लावलंय का? आपण तिघं एवढं हसलो की मावशी आतून बघायला आल्या. पंखा फिरला, पडदा उजळला, केवढा मोठा तो पडदा, आणि बाबा खुर्चीत सरसावून बसले. केस विंचरून घेतले होते त्यांनी, माझ्या लक्षात आलं.

त्यापुढचं तुलाही माहीत आहे, पण तू बघितलंस ते वेगळं आणि मी बघितलं ते वेगळं. बस निघाली. पहिल्याच थांब्यावर डाव्या हाताला माणसं उभी होती, छत्रीवाली बाई, दोन मुलं. बाबा सरळ पुढे गेले. दुसऱ्या थांब्यावरही तसंच. तू हसलास, म्हणालास, "बाबा, पॅसेंजर सोडून चाललात." बाबा म्हणाले, "कुठे होते?" चेष्टा नव्हती ती. त्यांनी खरंच विचारलं होतं. मग बस डावीकडच्या उभ्या गाडीला घासली, मग एका खांबाला, आणि बाबा खेळाला शिव्या घालायला लागले की कुठूनही काहीही मध्ये आणतात. तू म्हणालास, सवय होईल, मोठ्या पडद्याची सवय व्हायला वेळ लागतो. मी त्यांच्या मागे उभी होते आणि मला सगळं एकदम समजलं. ते ताटातलं डावीकडचं जेवण. दाढी करताना राहून गेलेला डावा गाल. टेबलाच्या उजव्या कडेला सरकणारा लॅपटॉप.

व्यायामाला येणाऱ्या बाईंना मी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यांनी बाबांसमोर एक खेळ केल्यासारखं काही तपासलं आणि मग मला बाहेर जिन्यात नेऊन सांगितलं. डोळे चांगले आहेत. डोळ्यांचा प्रश्नच नाही. मेंदूने डावी बाजू सोडून दिली आहे. ती बाजू त्यांना अंधारात दिसते असं नाही, ती त्यांच्या लेखी नाहीच. आपल्या पाठीमागची भिंत दिसत नाही म्हणून आपल्याला काही चुकल्यासारखं वाटतं का, तसं. लॅपटॉप उजवीकडे ओढून ते अख्खा पडदा आपल्या चांगल्या बाजूला आणत होते, नकळत, म्हणून तिथे निभावून गेलं. डेस्कटॉप जागचा हलत नाही. त्याने काही बिघडवलं नाही, जे होतं ते दाखवलं. मी तुला हे सगळं सांगितलं होतं. तू लगेच वाचून काढलंस आणि म्हणालास, पडद्याच्या डाव्या कडेला लाल पट्टी लाव, प्रत्येक वेळी ती शोधायची सवय लाव. बाईही तेच म्हणाल्या. आम्ही लावली. बाबा ती शोधायचे, शोधून दमायचे, आणि दमले की विसरायचे. बाई म्हणाल्या, थोडं सुधारेल, पण खऱ्या रस्त्याचं नाव काढू नका. हेही मी तुला सांगितलं होतं.

आणि तरी तू एक दिवस फोनवर त्यांना म्हणालास, "बाबा, सलग आठवडाभर एकही ठोकर नाही, एकही पॅसेंजर सुटला नाही, असं करून दाखवा. मग आपण लायसन्सचं बघू." मी स्वयंपाकघरात होते, स्पीकरवर ऐकलं. नंतर तुला म्हटलं, हे कशाला बोललास? तू म्हणालास, अगं ताई, काहीतरी आशा असू दे ना माणसाला. मला राग आला नाही. मी दमले होते, आणि तुझा हेतू मला कळत होता. दुरून आशा देणं सोपं असतं असं मी म्हणणार नाही. दुरून दुसरं काय देता येतं, हेही मला ठाऊक आहे.

पण बाबांनी ते गाठीला बांधलं. रोज सकाळी ड्युटीवर गेल्यासारखे ते डेस्कटॉपसमोर बसायचे. दोन दिवस नीट जायचे, तिसऱ्या दिवशी डावीकडचं कुणीतरी सुटायचं, की पुन्हा पहिल्यापासून. जेवणावरचं लक्ष उडालं. मावशींवर ओरडायला लागले. मग एक दिवस म्हणाले, मोठ्या पडद्याने डोकं चढतं, मला तो लॅपटॉपच बरा होता. मी आणून ठेवला. त्यांना शांत बसलेलं बघायचं होतं मला, दुसरं काही नाही. आणि लॅपटॉपवर त्यांचा आठवडा पुरा झाला. टेबलाच्या पार उजव्या टोकाला, खुर्ची तिरकी करून. मावशींनी मला दारातच बातमी दिली, जणू घरात कुणी बोर्डात आलंय. त्यांनी तुला फोन लावायला सांगितला, तूही म्हणालास, "शाब्बास बाबा. आता बघू." तुझ्या "बघू"चा अर्थ मला कळतो. त्याचा अर्थ "नाही". त्यांना तो "हो" वाटला.

आता हाताचं सांगते. गेल्या महिन्यात आमच्या लॅबमधली भट्टी बिघडली. भट्टी नाही तर दात पक्के कसे करणार, म्हणून आम्हाला दुपारीच सोडलं. मी आपल्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि समोरून आपली बिनक्लचची जुनी गाडी शेडमधून बाहेर येताना दिसली. क्षणभर मला छान वाटलं, खरं सांगते. इतकी सुबक, सरळ बाहेर येत होती ती. मावशी औषधं आणायला गेल्या होत्या, किल्ली कपाटाच्या खणात होती, आणि बाबा चाकामागे ताठ बसले होते, केस विंचरून. मी पळत गेले. डावीकडून गेले, कारण मी त्या बाजूला होते. काचेवर हात मारला, हाका मारल्या. हाका त्यांना ऐकू गेल्या असणार, कारण त्यांनी वळून बघितलं. उजवीकडे. उजवीकडे कुणी नव्हतं. त्यांनी उजवा आरसा बघितला, हात दाखवला आणि गाडी वळवली. माझ्या अंगावर.

जोरात नाही लागलं. गाडी हळूच होती. आरसा छातीला लागला, मी मागे पडले आणि उजवं मनगट अंगाखाली गेलं. मी खाली पडून बघत होते, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळणावरच्या दुकानाच्या खांबाला डावा दिवा घासला आणि थांबली. बाबांनी उजवा हात आडवा नेऊन हँडब्रेक ओढला. मी हात धरून तिथपर्यंत पोचले तेव्हा ते काच खाली करत होते. चेहरा असा की मी गेल्या दोन वर्षांत बघितला नव्हता. म्हणाले, "बघितलंस? रस्त्यात चिटपाखरू नव्हतं." मग म्हणाले, "हाताला काय झालं?" मी म्हटलं, पाय घसरला. त्यावर मला रागावले, या चपला बदल म्हणून कितीदा सांगितलं. दुकानदाराने त्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. बाबा माझी पर्स मांडीवर घेऊन तिथे बाकावर बसले होते. डॉक्टरांनी हाड बसवताना मी ओरडले तर उठून आत आले, काठी विसरून.

त्यांना अजून माहीत नाही. दिव्याचं विचारलं तर म्हणतात, कुणीतरी ठोकून गेलं असेल, लोकांना गाडी लावायची अक्कल नाही. मी दुकानदाराला आणि मावशींना सांगून ठेवलंय, बोलू नका. किल्ली आता लॅबमध्ये माझ्या कपाटात आहे. प्लास्टर अजून काही आठवडे राहील. आयुष्यभर लोकांच्या दातांचे साचे प्लास्टरमध्ये ओतले, आता मीच ओतली गेले, असं लॅबमध्ये सगळे म्हणतात. मालक भले आहेत, जागा राखून ठेवली आहे, पण मेण कोरायला हा हात पुन्हा तसा वळेल का, हे डॉक्टर नीट सांगत नाहीत. घरी आमचं बरं चाललंय. बरणी उघडायची तर बाबा उजव्या हाताने धरतात, मी डाव्याने झाकण फिरवते. दोघांत मिळून एक माणूस होतो. तू काळजी करशील म्हणून हे सगळं तुझ्यापासून लपवलं असं मी म्हणणार होते, पण ते खरं नाही. तुला सांगितलं असतं तर तू काहीतरी पाठवलं असतंस. गाडीला लावायचा सेन्सर, खणाला लावायचं कुलूप. आणि ते उघडून बसवायची ताकद माझ्यात नव्हती.

गल्लीतली मुलं त्या दिवशी शाळेतून परत यायची होती, अजून आली नव्हती. मी रोज एकदा तरी हा विचार करते. चहा ठेवताना, गोळ्या काढताना. मग करायचा थांबते, कारण त्याच्यापुढे जाता येत नाही.

हे पत्र का लिहिलं ते आता सांगते. बाबांनी काल मावशींना बरोबर घेऊन कोपऱ्यावरच्या स्टुडिओत फोटो काढून आणले, लायसन्सच्या आकाराचे. मला दाखवले, चांगले आलेत. रोज विचारतात, कंडक्टर काय म्हणाला, त्याने बघितलं का. मी त्यांना हजार गोष्टींना नाही म्हटलंय आणि यापुढेही म्हणेन, ते माझंच काम आहे, पण हे एक "नाही" मला म्हणता येणार नाही. मी म्हटलं तर ते धरून बसतील की ताईला काही कळत नाही, कंडक्टर शब्दाचा पक्का आहे, आणि तुझी वाट बघत राहतील, आणि कधीतरी किल्ली शोधतील. शब्द तू दिला होतास, तूच ये आणि तूच परत घे. फोनवर नको, पडद्यावर नको, त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बस आणि सांग की आता रस्त्यावर गाडी नाही, कधीच नाही. घरात हवी तेवढी चालवा. माझ्या हाताचं सांगू नकोस. ते त्यांना कधीही कळायला नको, त्याशिवाय पटलं तर बघ, आणि पटलं नाही तरी सांगू नकोस. येताना काही यंत्र आणू नकोस. ते चिडतील, तुला बोलतील, मला बोलतील, एक-दोन दिवस ताटाला हात लावणार नाहीत. त्याची मला सवय आहे, तुला नाही. ते पुन्हा जेवायला लागेपर्यंत तू थांब. मग जा.

तुझीच,
ताई